बरणीचं झाकण

(१९७५च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात साताऱ्याला केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकाने माझी ओळख करून देताना ‘क्वांटम शास्त्रज्ञ’ म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेतून जो हशा आला तो मी बरोबर ओळखला. पन्नास वर्षांत तुमचे आवाज बदलले, पण हसणं तेच आहे. आणि हसलात ते योग्यच. मी पुण्यात ३४ वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं आणि उरलेल्या वेळात एका बारीकशा विषयावर कागद काळे केले, एवढंच.

संयोजकांनी मला दोन विषय सुचवले होते. पहिला असा की, यंदाचं २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय, तर त्यावर बोल. दुसरा असा की, आपण सगळे पासष्टीला टेकलोय, तर तब्येतीवर बोल. मी म्हटलं, दोन्हीवर एकदमच बोलतो. कारण माझ्या घरात हे दोन विषय एकदा एकमेकांवर आदळले होते, आणि त्यात चूक माझी होती.

आधी एक ताकीद देऊन ठेवतो. बाजारात हल्ली क्वांटम कडं, क्वांटम गादी, क्वांटम पाणी असलं काय काय मिळतं. गुडघेदुखी जाईल, वय थांबेल म्हणून सांगतात. आपल्या वयाचेच लोक त्यांचं गिऱ्हाईक असतात. माझं आयुष्य या विषयात गेलंय, म्हणून हक्काने सांगतो: त्यावर एक रुपयाही घालवू नका. मी आज जे सांगणार आहे त्यात विकत घेण्यासारखं काही नाही.

आता माझा विषय. १९२६ साली श्रोडिंजरने ते प्रसिद्ध समीकरण मांडलं. अणूसारखी सूक्ष्म प्रणाली काळाबरोबर कशी बदलत जाते, ते त्यातून कळतं. पण मूळ समीकरणाची एक अट आहे: प्रणाली बंद हवी. बाहेरच्या जगाशी तिचं देणंघेणं नको. अशा बंद प्रणालीची एक गंमत आहे. तिचा प्रवास पुढे जितका नेमका सांगता येतो, तितकाच मागेही नेता येतो. तिच्यात काही झिजत नाही, काही विसरलं जात नाही. म्हणजे बंद प्रणालीला म्हातारपण नसतं, असं म्हणा ना.

पण पूर्ण बंद प्रणाली जगात मिळत नाही. आपला थर्मास कितीही चांगला असला तरी संध्याकाळपर्यंत चहा कोमट होतोच, तसंच. बाहेरची हवा, उष्णता, प्रकाश यांचा जरासा धक्का लागला की ती नाजूक क्वांटम अवस्था विस्कटते. म्हणून क्वांटम संगणकांतल्या काही चिप शून्याखाली जवळजवळ २७३ अंशांपर्यंत थंड करतात, अवकाशातल्या रिकाम्या जागेपेक्षाही थंड, आणि चारी बाजूंनी झाकून ठेवतात. एवढं करूनही ती अवस्था टिकते ती सेकंदाचा अगदी छोटा अंश. माझं सगळं काम या ‘उघड्या’ प्रणालींवरचं: बाहेरच्या जगाशी संबंध आला की काय बिघडतं आणि ते कसं टाळायचं. थोडक्यात, झाकण कसं घट्ट लावायचं.

२०१५च्या पावसाळ्यात माझी आई इथल्या आमच्या जुन्या घराच्या पायरीवरून घसरली. तेव्हा ती ८२ वर्षांची होती. मनगट मोडलं, बाकी काही नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी तिच्या हातची थालीपिठं खाल्लीयत. शनिवार पेठेतून राजवाड्याकडे रोज चालत जाऊन भाजी आणणारी बाई होती ती. मी तिला पुण्याला आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेलं आणि मला जे येत होतं तेच केलं. झाकण लावलं.

जिना बंद, बाजार बंद. न्हाणीघरात जाताना मावशी बरोबर. खाली वाकायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, एकटीने उभं राहायचं नाही. खोलीत कॅमेरा लावला आणि कॉलेजात तासाच्या मधल्या सुट्टीत मी मोबाइलवर बघायचो, आई कुठे आहे. ती खुर्चीत असायची. मला बरं वाटायचं.

महिन्याभरात मनगट जुळलं. पण मी नियम काढले नाहीत. एकदा ती म्हणाली, “अरे, मी काय लोणचं आहे का, बरणीत घालून झाकण लावायला?” मी हसलो. हा किस्सा मी कॉलेजात चहाच्या वेळी सांगितलासुद्धा. चौदा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की आईला आधाराशिवाय खुर्चीतून उठताच येत नाही. रात्री झोप नाही, दिवसा डुलक्या. बोलणंही कमी झालेलं. आणि त्या चौदा महिन्यांत ती एकदाही पडली नव्हती. मला त्याचा अभिमान होता.

ज्या डॉक्टरांकडे नेलं त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या. सगळं तपासून त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही आजींना पडू दिलं नाही, हे खरं. पण त्यांना उभंही राहू दिलं नाही.”

त्या रात्री मला माझ्याच विषयातली एक गोष्ट आठवली. १९७७ साली, म्हणजे आपण शाळा सोडून दोनच वर्षं झाली होती, तेव्हा मिश्रा आणि सुदर्शन या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी एक निष्कर्ष मांडला. अणू एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत हळूहळू जात असेल आणि तुम्ही तो कुठवर आला हे वारंवार तपासत राहिलात, तर तो पुढे सरकतच नाही. प्रत्येक तपासणी त्याला पुन्हा सुरुवातीला आणून ठेवते. याला क्वांटम झीनो परिणाम म्हणतात. १९९० साली अमेरिकेत प्रयोगाने तो दाखवलाही गेला. मी हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आणि घरी कॅमेरा लावून आईला खुर्चीत खिळवलं.

आता, उपमा ती उपमाच. आईचे गुडघे क्वांटम समीकरणाने चालत नव्हते. नजर अणूला रोखते ते वेगळ्या कारणाने. आईला माझ्या धाकाने रोखलं होतं. पण एक गोष्ट उपमेपलीकडची आहे, आणि तीही श्रोडिंजरनेच सांगितली. १९४४च्या ‘व्हॉट इज लाइफ’ या छोट्या पुस्तकात त्याने विचारलं, सजीव वस्तू इतर वस्तूंसारखी चटकन थंड, निश्चल का होत नाही? त्याचं उत्तर असं की, ती बाहेरच्या जगाशी सतत देवघेव करून आपली घडी टिकवते. बंद ठेवल्याने अणूची अवस्था टिकते, लोणचं टिकतं. माणूस देवघेवीवर टिकतो. मी अणूचा नियम आईला लावला होता.

याला वैद्यकशास्त्राचा भक्कम आधार आहे. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी वृद्धांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांच्या स्नायूंचं वजन जवळजवळ एक किलोने घटलं. आजार नाही, दुखापत नाही, नुसती विश्रांती. उलट बाजूही पाहा. २०१९ साली शंभरावर चाचण्या एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात दिसलं की, घरी राहणाऱ्या साठीपुढच्या लोकांनी व्यायाम केला तर पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे पडायचं नसेल तर उठायला हवं.

आणि मग बाहेरच का? घरात चाललं तर चालणार नाही? चालेल, काहीच न करण्यापेक्षा केव्हाही बरं. पण इथे मात्र खरोखरचं क्वांटम येतं. ‘ड’ जीवनसत्त्वाची सुरुवात त्वचेत होते ती प्रकाशाचा एकेक कण एकेका रेणूवर आदळून. त्या कणात पुरेशी ऊर्जा असेल तरच रेणूची कडी उघडते. कमी ऊर्जेचे कण कितीही आले तरी त्यांची बेरीज होत नाही. म्हणून घरातला दिवा कितीही लखलखीत असला तरी हे काम करत नाही. आणि ज्या अतिनील किरणांत ती ऊर्जा असते ते खिडकीच्या साध्या काचेतही अडतात. माझी आई चौदा महिने काचेमागच्या उन्हात बसली होती. मला वाटायचं, ऊन मिळतंय.

आणखी एक गैरसमज. आपल्याला लहानपणापासून कोवळ्या उन्हाचं सांगितलंय. भल्या सकाळी ते किरण फारच थोडे असतात, सूर्य वर आल्यावरच पुरेसे मिळतात. तेव्हा थंडीत दहा-अकराच्या सुमारास थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसा. उन्हाळ्यात मात्र जपून. वयाबरोबर त्वचेची ही ताकद कमी होते, तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती बंद करू नका. मग सकाळचं ऊन फुकट का? अजिबात नाही. ते डोळ्यांवाटे शरीराचं घड्याळ लावतं. घरातल्या उजेडापेक्षा बाहेरचा उजेड, ढग असले तरी, कित्येक पटींनी जास्त असतो. रात्रीची झोप सकाळी अंगणात कमवावी लागते.

आईचं पुढे काय झालं ते सांगतो. चमत्कार झाला नाही. फिजिओथेरपिस्टने खुर्चीतून उठण्या-बसण्यापासून सुरुवात केली, पहिल्या दिवशी तीन वेळा. मग सोसायटीच्या बागेत, मग फाटकापर्यंत. तीन महिन्यांनी ती काठी घेऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून भांडली आणि दोन रुपये कमी करून आली. मी लांब उभा होतो. कॅमेरा त्याच दिवशी काढला. त्यानंतर ती दोनदा पडली, एकदा कपाळाला खोक पडली. तरीही ती पुन्हा चालायला लागली. २०२०च्या जानेवारीत ती गेली. शेवटची तीन वर्षं तिने जगून काढली. आधीची चौदा महिन्यांची खुर्ची मात्र मला तिला परत करता आली नाही.

तेव्हा मित्रहो, आता आपली पाळी. आपली मुलं आपल्यावर प्रेम करतात, त्यामुळे ती झाकण घेऊन तयारच आहेत. त्यांना आणि स्वतःलाही सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी सांगितलंय: आठवड्याला किमान १५० मिनिटं दम जरा वाढेल असं चालणं किंवा तसलं काही, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. दात घासताना ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहा, तोही सरावच. सपाट फरशीबरोबर थोडी मातीची, चढाची वाटही चाला, कारण पाय तिथे शिकतात. छातीत दुखतं, चक्कर येते, नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरात निसरडी फरशी, अंधारा जिना दुरुस्त करा. धोका कमी करायचा तो असा. माणसाला खुर्चीत बसवून नव्हे.

शेवटचं. आज आपल्या तुकडीतले काही जण आलेले नाहीत. जे आपल्यातून गेले त्यांना सकाळी आपण श्रद्धांजली वाहिली. पण चौघं असे आहेत की ते हयात आहेत, साताऱ्यातच आहेत, आणि घरचे सोडत नाहीत किंवा स्वतःच धजावत नाहीत म्हणून आलेले नाहीत. एक तर आपल्या कबड्डीच्या संघाचा कप्तान होता. परवा मी फोन केला तर म्हणाला, “आता कशाला, बसलोय बरा.” हे ‘बसलोय बरा’ मी माझ्या घरात चौदा महिने ऐकलंय.

तीन वर्षांपूर्वी मी पुन्हा साताऱ्याला राहायला आलो. दर रविवारी सकाळी साडेसातला अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागतो, आणि चार भिंतींपाशी टेकतो. बाहेरगावच्यांना नाव ऐकून कोंडवाडा वाटेल, पण आपल्याला माहीत आहे, तिथे वर छप्पर नाही आणि खाली सगळं सातारा दिसतं. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खाली पायथ्याशी थांबू, तिथेच चालू, चहा पिऊ. येताना प्रत्येकाने एकाला घेऊन या. कप्तानाला आणायची जबाबदारी मी घेतो. पहिल्या रविवारी तो फाटकापर्यंत आला तरी पुष्कळ झालं.

पी.टी.च्या सरांची शिट्टी वाजली की आपण ऊन-पाऊस न बघता मैदानावर पळायचो. आता शिट्टी वाजवणारं कुणी नाही. तेव्हा एकमेकांना हाक मारू या.