वाळीत पडलेले मूल

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बालमार्गदर्शन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



सोमवारी सकाळी पोटदुखीची तक्रार घेऊन येणारी मुले आम्हांला नवीन नाहीत. तपासणीत दोष आढळत नाही. सुट्टीत दुखणे थांबते आणि शाळा उघडताच परतते. अशा मुलाला आम्ही विचारतो, “मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस?” पुष्कळदा उत्तर येत नाही, मान खाली जाते. दुखण्याचे मूळ तेथे सापडते.

कट्टी चार दिवसांत सुटते. वाळीत टाकलेल्या मुलाला मात्र महिनोन्‌महिने कोणी खेळात घेत नाही. प्रौढांवरील सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये कायदा संमत केला; वर्गातला बहिष्कार ‘मुलांचे आपापसातले’ म्हणून आपण सोडून देतो.

त्याचे व्रण दीर्घकाळ राहतात. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पन्नाशीपर्यंत पाठपुरावा करण्यात आला. सातव्या व अकराव्या वर्षाच्या सुमारास सवंगड्यांकडून वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य व चिंताविकार अधिक आढळले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. याचे एक कारण असे, की नाकारलेले मूल दोष स्वतःकडे घेते. पुढे नकार येणारच असे धरून ते स्वतःच दूर राहते. मैत्री शिकण्याची संधी हुकते आणि एकटेपणा वाढतो.

हे ओळखावे कसे? अमेरिकेतील रॉचेस्टर येथे तिसरीच्या मुलांची अनेक प्रकारे पाहणी झाली होती. पुढे कोणाला मानसोपचारांची गरज भासली, हे ११ ते १३ वर्षांनी ताडून पाहिले असता, शिक्षकांच्या अभिप्रायापेक्षा वर्गमित्रांचे मत अधिक अचूक ठरले. हा अभ्यास १९७३ चा. मोठ्यांच्या नजरेतून निसटते ते वर्गातल्या मुलांना ठाऊक असते.

तथापि प्रत्येक नाकारलेले मूल पुढे आजारी पडते, असे मुळीच नाही. पाचवीतील मुलांचा तारुण्यापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या १९९८ च्या अभ्यासात, ज्यांना त्या वयात एक खरा मित्र होता, त्यांचा आत्मसन्मान पुढे अधिक दिसला. सारा वर्ग आपलासा करणे मुलाच्या हाती नसते. एक मित्र जोडून देणे मोठ्यांना जमू शकते.

म्हणून आमची विनंती साधी आहे. पालकांनी गुणांइतकीच डब्याच्या सोबत्याची चौकशी करावी आणि एखाद्या वर्गमित्राला अगत्याने घरी बोलवावे. शिक्षकांनी खेळाचे गट मुलांवर न सोडता स्वतः पाडावेत. ‘तूच जरा मिळूनमिसळून राहा’ असे मुलाला ऐकवू नये. त्याने दोष त्याच्याच माथी बसतो. दुखणे, उदासी वा शाळेची भीती टिकून राहिल्यास संकोच न करता आमच्याकडे यावे.