हार्वेस्टरची पारख



वसंतातल्या व्याख्यानांना साहित्य, संगीत, इतिहास हे विषय शोभतात. तेथे एक शेतीयंत्र आणून उभे करणे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या ताटातल्या पोळीचा प्रवास आता पुष्कळ ठिकाणी विळ्यापासून नव्हे, तर कंबाइन हार्वेस्टरपासून सुरू होतो. शिवाय शहरात राहणाऱ्या अनेकांची शेती गावी असते. ती भाऊ पाहतो किंवा वाटेकरी पाहतो, आणि सुगीत त्याचा निरोप येतो, 'हार्वेस्टर लावू का?' लावावयाचा तर कोणता, आणि त्याने काम चांगले केले हे ओळखावयाचे कशावरून, एवढ्याच प्रश्नाचा आज आपण विचार करू.

जुन्या रीतीत तीन कामे वेगवेगळी होत. शेतात विळ्याने कापणी, खळ्यात तिवड्याभोवती बैल फिरवून मळणी, आणि वाऱ्याच्या दिशेने वावडीवर उभे राहून उफणणी. ही तिन्ही कामे एका चालत्या यंत्रात आणण्याचा हक्कपत्रित प्रयत्न अमेरिकेतील मिशिगनमध्ये हायरम मूर आणि हॅस्कल यांनी १८३६ साली केला. ते यंत्र घोडे ओढीत. आजच्या यंत्राला स्वतःचे इंजिन आहे, परंतु मूळ कल्पना तीच आहे. पुढचे पाते पीक कापते. फिरता ढोल आणि त्याखालची जाळी यांच्यामध्ये ओंब्या घासल्या जाऊन दाणे सुटतात. उरलेले काड हलत्या पायऱ्यांवरून मागे सरकते आणि त्यात अडकलेले दाणे खाली गळतात. शेवटी पंखा व चाळण्या भूस उडवून दाणा टाकीत पाठवितात.

जितकी कामे, तितक्या दाणा हरवण्याच्या जागा. पाते ओंबी पाडते. ढोल मंद असेल तर दाणा ओंबीतच राहतो आणि जलद असेल तर फुटतो. काडाबरोबर काही दाणे बाहेर जातात. पंखा जोराचा असेल तर भुसाबरोबर चांगला दाणाही उडतो. जुन्या सुगीत मागे राहिलेल्या ओंब्या गरीब बायामाणसे वेचून नेत. त्याला सरवा म्हणत. यंत्रामागचा सरवा मात्र काडाखाली मातीत मिसळतो. तो कोणाच्याच पोटात जात नाही.

आता यंत्राची कीर्ती कशी पसरते ते पाहा. 'हे यंत्र तासाला तीन एकर काढते' एवढेच आपण ऐकतो. याचा हिशेब सोपा आहे. पात्याची रुंदी ४.२ मीटर आणि वेग तासाला ३ किलोमीटर धरला, तर तासाला १.२६ हेक्टर, म्हणजे तीन एकरांहून थोडे अधिक क्षेत्र होते. परंतु हे कागदावरचे एकर झाले. बांधाशी वळावयाचे, टाकी रिकामी करावयाची, अडकलेले काड काढावयाचे. यात वेळेचा सुमारे तीस टक्के भाग गेला, तर हाती सव्वादोन एकरांच्या आतच उरतात. वाफे लहान असले तर त्याहूनही कमी.

बरे, एकरांचा आकडा खरा असला तरी तो अर्धीच गोष्ट सांगतो. किती काढले याच्या शेजारी किती सांडले हे लिहिले नाही, तर त्या आकड्याला अर्थ नाही. वेग वाढविला की आरंभी नुकसान फारसे वाढत नाही. एका मर्यादेनंतर मात्र ते एकाएकी उसळते. कारण उघड आहे. काडाचा थर जाड झाला की त्यातून दाणा खाली गळण्यास वाव मिळत नाही.

या बाबतीत कॅनडातील एक उदाहरण उद्बोधक आहे. तेथील गव्हाच्या तीन प्रांतांनी १९७५ साली शेतीयंत्रांच्या परीक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. सस्कॅचवान प्रांतातील हंबोल्ट गावी तिचे काम चाले. यंत्रामागून पडणारा माल गोळा करावयाचा, त्यात राहिलेले दाणे वेगळे काढून तोलावयाचे, आणि नुकसान ३ टक्क्यांवर पोचते तेव्हा यंत्र किती माल खात आहे तो आकडा त्याची खरी ताकद म्हणून नोंदवावयाचा, अशी तिची रीत होती. त्याहून मार्मिक गोष्ट पुढे आहे. सकाळचे दवाने ओलसर काड आणि दुपारचे ठिसूळ काड एकच नव्हे. यंदाचे पीक आणि गेल्या वर्षीचे पीक एकच नव्हे. मग दोन यंत्रांची तुलना करावयाची कशी? त्यांनी एक यंत्र मापाचे म्हणून ठरविले आणि नवे यंत्र त्याच्या जोडीने, त्याच पिकात चालवून पाहिले. आपल्याकडेही मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था आहे. तेथे शेतीयंत्रांची परीक्षणे होतात, आणि कंबाइनच्या परीक्षणासाठी भारतीय मानकही ठरलेले आहे.

परंतु संस्था आपल्या बांधावर येणार नाही. तेथे चार काठ्यांची एक मीटर चौरस चौकट पुरते. चांगल्या चालीत असलेले यंत्र मध्येच थांबवून दोनतीन मीटर मागे घ्यावे, आणि इंजिन बंद करवून तीन जागी दाणे मोजावेत. पहिली जागा उभ्या पिकातली. येथले दाणे आपोआप गळालेले, त्यांचा दोष यंत्राला नाही. दुसरी, यंत्र मागे घेतल्यावर पात्यासमोर उघडी पडते ती कापलेली पट्टी. तिसरी, यंत्रामागे, ते भर चालीत असताना जेथे काड पडले तेथली; येथे काडातल्या ओंब्यांत राहिलेले दाणेही मोजावेत.

समजा, हे आकडे अनुक्रमे १०, ५० आणि ३५० आले. पात्याचे नुकसान ४० दाणे. पोटातले नुकसान ३५० वजा ५०, म्हणजे ३०० दिसते. परंतु काड कापणीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शात पडत असेल, तर तीनाने भागून ते १०० धरावे. हे विसरले की यंत्रावर नाहक आळ येतो. एकूण झाले १४०. हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरले, तर चौरस मीटरला २५ दाणे म्हणजे एकराला सुमारे ४ किलो. तेव्हा १४० दाणे म्हणजे एकरी सुमारे २२ किलो. एकरी १६ क्विंटल पिकाला हे दीड टक्क्याच्या आत आहे, आणि यंत्र चांगले चालले आहे. हेच नुकसान ४ टक्के झाले, तर एकराला ६४ किलो जातील; पाच एकरवाल्याचे ३ क्विंटलांहून अधिक धान्य मातीत जाईल. सोयाबीनला तर अधिकच जपावे लागते. त्याच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात, आणि ढोल गव्हाच्या वेगाने फिरविला तर दाण्याची डाळ होते. ते बियाण्यास निरुपयोगी.

आता या सर्वांत चालकाला दोष देणे सोपे आहे. पंजाब-हरियाणाकडची यंत्रे पीक पिकेल तसतशी राज्याराज्यांतून फिरत आपल्याकडे येतात. हंगाम थोड्या दिवसांचा, आणि भाडे बहुधा एकरावर ठरते. जलद जाण्यात फायदा त्याचा आणि सांडण्यात तोटा आपला, असा हा व्यवहार आहे. अशा वेळी एकरामागे शंभर रुपये घासाघीस करून कमी करणारा शेतमालक काय करतो? तो चालकाला वेग वाढविण्यास भाग पाडतो, आणि वाचविलेल्या शंभर रुपयांच्या कितीतरी पट धान्य मातीत टाकतो. त्यापेक्षा भाडे वाजवी द्यावे, पहिल्याच फेरीत चौकट टाकून मोजावे, आणि नुकसान अधिक दिसले तर चाल कमी करण्यास किंवा पंखा, ढोल नीट लावण्यास सांगावे, अशी बोली आधीच करावी. कसबी चालकाला याचा राग येणार नाही; उलट मोजणारा धनी भेटल्यावर त्याच्या कसबाला किंमत येईल.

शहरात बसून आपण दाणे मोजू शकत नाही, हे खरे. परंतु गावाहून निरोप आला की आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'किती वेळात झाले?' असा. यापुढे 'मागे किती पडले?' हा प्रश्न आधी विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.