चाक एक इंच उतरवा, हाडं वाचवा



आजचा विषय चाकांचा आहे. इंजिन नाही, मायलेज नाही, छत उघडणारी काच तर मुळीच नाही. आमच्या दिल्ली-नोएडा-गुरुग्राम पट्ट्यात पंचवीस-तीस लाखांची एसयूव्ही म्हणजे घराघरातली गोष्ट झाली आहे. गाडी येते, पेढे वाटले जातात, पहिल्या रविवारी सगळे मुरथलला पराठे खायला जातात, आणि परतताना मागच्या सीटवरची आई म्हणते, "अरे, हिच्यापेक्षा आपली जुनी गाडी बरी होती. ही फार हाणते."

आई बरोबर बोलते आहे. तिला उत्तर म्हणून पोरगं शोरूममध्ये जातं, तिथून त्याला सांगतात, साहेब, एसयूव्ही अशीच असते. मग तो शॉक ॲब्सॉर्बर बदलायच्या गोष्टी करू लागतो, लाखभर रुपयांचा अंदाज घेऊन येतो. त्याने त्याआधी एकदा टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वाचावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आकडा कसा वाचायचा? समजा लिहिलंय 235/60 आर 18. म्हणजे टायर 235 मिलिमीटर रुंद, त्याची बाजूची भिंत रुंदीच्या 60 टक्के, म्हणजे 141 मिलिमीटर उंच, आणि आतली रिम 18 इंची. ही जी बाजूची भिंत आहे ना, साइडवॉल म्हणतात तिला, तिच्या आत हवा असते आणि तीच हवा गाडीचा भार तोलते. खड्ड्याची धार लागली की सगळ्यात आधी दबते ती हीच भिंत. स्प्रिंगपर्यंत निरोप नंतर जातो.

हवेचा टायर मुळात आरामासाठीच वापरात आला. 1888 मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी गुंडाळली, कारण भरीव रबराच्या चाकांवर पोरगं आदळत होतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण काय केलं, तर तीच हवा हळूहळू काढून त्या जागी चकचकीत ॲल्युमिनियम भरलं.

एका नावाचाच प्रवास बघा. 1998 ची टाटा सफारी आठवते? तिचा टायर 235/75 आर 15. भिंत 176 मिलिमीटर. आजच्या सफारीच्या सगळ्यात महागड्या प्रकारात, 2023 च्या बदलानंतर, 245/55 आर 19. भिंत 135 मिलिमीटर. आता गंमत अशी की पूर्ण चाकाची उंची फारशी बदललेली नाही: तेव्हा साधारण 733 मिलिमीटर, आता 752. रिम मात्र चार इंचांनी वाढली. ही वाढ आली कुठून? हवेतून. चार बोटं उंचीची हवा गेली आणि फोटो चांगला यायला लागला.

हे एकाच कंपनीचं नाही, जगभरचं आहे. लँड रोव्हरची डिफेंडर 18 इंची रिमवर 255/70 चा टायर घालून मिळते आणि 22 इंची रिमवर 275/45 चा टायर घालूनही मिळते. पहिल्याची भिंत 178 मिलिमीटर, दुसऱ्याची 124. एकच गाडी. दुसरी जास्त किमतीला विकली जाते.

आता कामाचं. मोठी रिम उतरवून छोटी घालायची, पण चाकाची बाहेरची उंची जवळजवळ तीच ठेवायची. म्हणजे रिम छोटी, टायरची भिंत मोठी. आणि यासाठी डोकं लढवायची गरज नाही, कारण कंपनीने ते गणित आधीच करून ठेवलेलं असतं. त्याच मॉडेलच्या स्वस्त प्रकाराला कोणता टायर आहे ते बघा. महिंद्रा एक्सयूव्ही 700 वरच्या प्रकारात 235/60 आर 18 वर यायची, खालच्या प्रकारात 235/65 आर 17 वर. चाकाची उंची 739 आणि 737 मिलिमीटर, फरक नगण्य. भिंत मात्र 141 ची 153 होते. आमच्या एनसीआरची लाडकी फॉर्च्युनर घ्या. दुसरी पिढी 2016 मध्ये आली, तेव्हा चार चाकांना ताकद देणारी 265/60 आर 18 वर आणि दोन चाकांवाली 265/65 आर 17 वर. उंची 775 आणि 776. भिंत 159 ऐवजी 172. स्कॉर्पिओ-एन मध्ये 255/60 आर 18 आणि 245/65 आर 17 आहे. तिथे उंचीत पावणेदोन टक्के फरक पडतो, तोही चालण्यासारखा आहे.

तुम्ही म्हणाल, बारा-तेरा मिलिमीटरने काय होतंय? एकट्या त्यानेच सगळं होत नाही, हे खरं. पण गाडी रस्त्यावर असते तेव्हा भिंतीचा काही भाग आधीच भाराने दबलेला असतो, आणि रिमला धार लागण्याआधी जो उरलेला भाग असतो त्यातच ही वाढ मिळते. म्हणून हाताला आणि पाठीला फरक कळतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त नौदल अधिकारी राहतात. त्यांची गाडी कोणती ते सांगत नाही, पण 19 इंची रिमची आहे. त्यांच्या आईंचं वय ऐंशीच्या पुढे, हाडं ठिसूळ, एक मणका दबलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गचके बसू देऊ नका. आणि दर पंधरा दिवसांनी तपासणीला न्यायचं म्हणजे वाटेत मेट्रोच्या कामाने उखडलेला रस्ता आणि प्लास्टिकचे, बोल्ट मारून बसवलेले स्पीडब्रेकर. म्हातारी आदल्या रात्रीपासून धास्तावायची. टॅक्सीच मागवा म्हणायची, जुनी, छोट्या चाकांची.

त्यांनी 19 वरून 17 वर यायचं ठरवलं. त्याच गाडीच्या खालच्या प्रकाराची 17 इंची चाकं, टायरसकट, जवळजवळ कोरी मिळाली. कशी? इथे नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात कंपनीची चाकं काढून वीस इंची बसवणारे हौशी लोक भरपूर आहेत, आणि त्यांनी टाकलेली चाकं टायरवाल्यांकडे पडून असतात. अशा चाकांची एकच खबरदारी: टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. तो वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

बदलल्यावर त्यांनी मला चालवायला दिली. प्लास्टिकच्या स्पीडब्रेकरवर पूर्वी जो टण्ण असा आवाज यायचा, तो आता धप् असा येतो. उखडलेल्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात थरथरत नाही. यमुना एक्सप्रेसवेवर सिमेंटच्या जोडांची टकटक अजून ऐकू येते, पण पाठीत पोचत नाही. आईंचा अभिप्राय एका वाक्याचा होता: आता टॅक्सी नको.

पण सगळं गेलं का? नाही. इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण इथेच लोकांची निराशा होते. गाडीत दोन वेगळे त्रास असतात. एक दणका, दुसरा हेलकावा. दणका म्हणजे खड्ड्याची धार, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांची जाड रांग, सिमेंटचा जोड. तो टायर गिळतो. हेलकावा म्हणजे गाडीचं वर-खाली होणं, मागच्या रांगेतल्याचं डोकं छताला लागणं. ते काम स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, असा पसरट सांगितलेला आहे. आमच्याकडे सोसायट्यांच्या दारात तो मांजराच्या पाठीसारखा उभा असतो. त्यावरून गाडी उडते ती कोणताही टायर घाला, उडणारच.

फौजेत ज्यांनी जिप्सी चालवली त्यांना हे वेगळं सांगायला नको. 15 इंची छोटी रिम, भरपूर उंच टायर, आणि तरीही वीस किलोमीटरमध्ये नाश्ता वर यायचा. कारण खाली चारही बाजूंना कमानपाटे. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेल्या गाड्या आहेत. त्यांची ती बारीक थरथर सांगाड्याची आहे. 17 इंची चाकाने ती कमी होईल, जाणार नाही.

गमावतो काय, तेही सांगतो. वळणावर गाडी किंचित उशिरा वळते, कारण उंच भिंत आधी वाकते. ज्याला एक्सप्रेसवेच्या उतारावरून झपकन वळायची हौस आहे त्याला हे आवडणार नाही. आणि मडगार्डमधली पोकळी मोठी दिसते, चाक बारकं वाटतं. शेजारी विचारतात, खालचं मॉडेल घेतलं का? याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता जिथे खरोखर जीवाशी गाठ आहे तो भाग. चार गोष्टी जुळल्याशिवाय चाक बदलायचं नाही.

पहिली, ब्रेक. मोठ्या प्रकाराला कधी कधी मोठा ब्रेक असतो आणि छोटी रिम त्याच्या कॅलिपरला घासते. चाक बसवून, हाताने फिरवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघायचं. घासत असेल तर विषय संपला.

दुसरी, बसण्याची जागा. दुकानदार म्हणतो, "सर, छह नट हैं, लग जाएगा." फॉर्च्युनरला सहा नट, 139.7 मिलिमीटरच्या वर्तुळावर. जुन्या फोर्ड एंडेव्हरलाही सहा नट, त्याच 139.7 च्या वर्तुळावर. पण मधलं भोक फॉर्च्युनरचं 106.1 आणि एंडेव्हरचं 93.1 मिलिमीटर. एंडेव्हरचं चाक फॉर्च्युनरवर चढणारच नाही, आणि फॉर्च्युनरचं एंडेव्हरवर चढेल पण सैल, आणि बाहेर आलेलं. ते नट भार पेलत राहतील जो हबने पेलायचा. म्हणून म्हणतो, त्याच मॉडेलचं, कंपनीचंच चाक घ्या.

तिसरी, भार आणि वेग. आकड्याच्या शेवटी 112 एस किंवा 110 एच असं काही लिहिलेलं असतं. 112 म्हणजे एका टायरवर 1120 किलो, 110 म्हणजे 1060. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत, एच म्हणजे 210 पर्यंत. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नये. सात माणसं, सामान आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन घेऊन आग्र्याकडे निघालेल्या गाडीला इथे सवलत नाही.

चौथी, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे म्हटलं. त्याच मॉडेलला कंपनी देते त्या मापात राहिलात तर तुमची बाजू भक्कम. तरी विमा कंपनीला लेखी कळवा, आणि वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तराचा अपघातानंतर उपयोग नसतो.

आणि हे सगळं करण्याआधी, फुकटचं औषध: हवा मोजा. वाळवंटात आम्ही टायरची हवा मुद्दाम कमी करायचो, टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते. डांबरी रस्त्याला लागलो की पहिलं काम, हवा पुन्हा भरणं. आराम वाटतो म्हणून कमी हवेवर हायवेला जाणारा माणूस टायरची भिंत भाजतो आणि मग ती फुटते. आमच्याकडे मात्र उलटा रोग जास्त. पंपावरचा पोरगा विचारतो, "चालीस कर दूँ?" आणि साहेब मान हलवतात. चाळीसवर 17 इंची टायरही दगड होतो. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर प्रत्येक मापाची हवा लिहिलेली असते. ती सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या मोजणीयंत्राने तपासायची. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पाच अंश आणि जूनच्या दुपारी पंचेचाळीस. या चाळीस अंशांत त्याच टायरमधला दाब सहा पीएसआयच्या आसपास बदलतो. जूनमध्ये भरलेली हवा डिसेंबरात तपासली नाही तर ती कमी झालेली असणारच. नायट्रोजनचं विचाराल तर साध्या हवेत तो 78 टक्के आहेच, पंपवाल्याला पैसे द्यायचे तर खुशाल द्या.

माझा सल्ला असा: आधी पंधरा दिवस बरोबर हवेवर गाडी चालवून बघा. अर्ध्या लोकांची तक्रार तिथेच मिटते. उरलेल्यांपैकी ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे, कोणाच्या कमरेचं ऑपरेशन झालं आहे, किंवा ज्यांना दिवाळीला पुण्या-नागपूरपर्यंत गाडीने जायचं आहे, त्यांनी एक इंच उतरावं. नवीन गाडी घेणाऱ्यांनी तर आधीच 17 इंचीवाला प्रकार चालवून बघावा, त्याच रस्त्यावर, त्याच खड्ड्यातून, आणि मागच्या सीटवर बसून. पुढच्या सीटवरून निम्मं कळत नाही.

चाकांत हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते जुन्या रिममधून काढून नव्यात बसवून घ्या, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा कायमचा पेटून राहील. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. चारही चाकं एकदम, आणि चार चाकांना ताकद देणारी गाडी असेल तर स्टेपनीही त्याच मापाची. काढलेली चाकं विकू नका. गोणपाटात गुंडाळून गच्चीत ठेवा. गाडी विकताना घेणारा तरुण पोरगा असेल, त्याला तीच हवी असतील.