वयात येणारी मुले आणि वडीलधाऱ्यांचे मौन
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी संततिनियमनासारखा विषय व्यासपीठावर यावा, हे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु ज्या बडोद्यात हे ग्रंथालय वाढले, त्या नगरीची परंपरा अवघड विषयांकडे पाठ फिरविण्याची नव्हे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०४ मध्ये आपल्या संस्थानात बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला, १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१० नंतर गावोगाव ग्रंथालयांचे जाळे विणले. या तीन गोष्टी एकमेकींपासून निराळ्या नव्हत्या. लहान वयात संसाराचे जू मानेवर पडू नये, त्या वयात हाती पाटी यावी आणि पुढे आयुष्यभर पुस्तक हाती राहावे, असा तो सलग विचार होता. शाळेत मुलांना संततिनियमनाची माहिती द्यावी की न द्यावी, हा आजचा वाद त्याच विचाराच्या पुढच्या टप्प्यावर उभा आहे.

या वादाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जाणे इष्ट ठरेल. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. विवाहितेच्याही बाबतीत संमतीचे वय दहावरून बारा करावे एवढीच ती सुधारणा होती. त्याआधी थोड्याच काळापूर्वी बंगालमध्ये फुलमणी नावाची बालिका पतीच्या बळजोरीने प्राणास मुकली होती, तरीही केवढे रण माजले! त्या काळी मुलीचा विवाह ती वयात येण्यापूर्वीच होत असे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहवय चौदा व मुलाचे अठरा ठरविले. १९७८ मध्ये ते अनुक्रमे अठरा व एकवीस झाले. सुशिक्षित मध्यमवर्गात तर आज विवाह पंचविशीनंतरच होतो. शरीर मात्र आपल्या निसर्गनियमाने बाराव्या-तेराव्या वर्षीच जागे होते. म्हणजे पूर्वी जे अंतर अस्तित्वातच नव्हते, ते आता दहा-बारा वर्षांचे झाले आहे. या वर्षांत मुलाने वा मुलीने आपल्या देहाशी, मनाशी आणि परस्परांशी कसे वागावे, याचे मार्गदर्शन आजीच्या रूढीत सापडणार नाही. कारण आजीच्या आयुष्यात ही वर्षे आलीच नव्हती. नव्या पिढीला बिघडलेली म्हणण्यापूर्वी तिला मिळालेला हा नवा, वाटाड्या नसलेला प्रदेश ध्यानी घेणे न्यायाचे होईल.

या प्रदेशाकडे पहिल्यांदा धीटपणे पाहणारा मराठी माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी. या कार्यापायी कर्व्यांना प्राध्यापकी गमवावी लागली. पत्नी मालतीबाई यांच्या साथीने त्यांनी जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले, ते १९५३ मध्ये मृत्यूने गाठीपर्यंत. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटल्याचे कारण काय, तर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मासिकातून दिलेली उत्तरे! प्रश्न विचारणारे गुन्हेगार नव्हते, अज्ञानाने घाबरलेली माणसे होती. त्यांना उत्तर देणारा मात्र दंडास पात्र ठरला. पुढे १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आला, त्यामागेही बाबासाहेबांचीच प्रेरणा होती. तोही नामंजूर झाला.

काळाचा न्याय मोठा विलक्षण असतो. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. शासकीय पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातील पहिला देश. कर्वे त्यानंतर जेमतेम वर्षभर जगले. पुढे १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला, गावोगावच्या भिंतींवर लाल त्रिकोण रंगविला गेला. शाळेच्या वाटेवर मुले तो त्रिकोण रोज पाहत. पण त्याचा अर्थ त्यांनी घरी विचारला तर रागाचा कटाक्ष मिळे आणि शाळेत विचारला तर छडी. जे शासन दांपत्यांना उघडपणे सांगत होते, ते उद्याच्या दांपत्यांना कोणी सांगावयाचे नाही, असा हा अलिखित करार होता. दहावीच्या विज्ञानातील प्रजननाचे प्रकरण ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देणारा शिक्षक हा त्याच कराराचा एक पक्षकार होय. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच्या स्वतःच्या शिक्षकानेही ते प्रकरण तसेच सोडले होते, हे विसरून चालणार नाही.

हा करार मोडण्याचा एक प्रयत्न अलीकडे झाला. २००५ मध्ये शालेय मुलांसाठी केंद्र शासनाने किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखला. एड्सचा धोका हे त्याचे तातडीचे निमित्त होते. त्यातील चित्रे पाहून गदारोळ उठला आणि २००७ मध्ये महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक यांसारख्या राज्यांनी तो नाकारला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांतून असे शिक्षण देण्यास प्रतिकूल मत दिले. विरोध करणारे सारेच प्रतिगामी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रे व भाषा वयाला साजेशी आहे काय, शिक्षकांची तयारी झाली आहे काय, पालकांना विश्वासात घेतले काय, हे प्रश्न रास्तच होते. शिवाय संयमाचा आग्रह धरणाऱ्यांच्या मागे महात्मा गांधींसारख्या पुरुषाचे नैतिक बळ उभे होते. मार्गारेट सँगर यांनी त्यांची भेट घेतली, तेव्हाही त्यांनी कृत्रिम साधनांना आपली संमती दिली नाही.

मग वादाची गाठ नेमकी कोठे बसली आहे? ती तीन भिन्न गोष्टींची गल्लत केल्यामुळे बसली आहे. ज्ञान ही एक गोष्ट, साधन ही दुसरी आणि अनुज्ञा ही तिसरी. गर्भधारणा कशी होते, ती कशी टळते, रोग कसे पसरतात, नको असलेल्या स्पर्शाला नकार कसा द्यावयाचा, हे ज्ञान झाले. शाळेच्या आवारात साधने उपलब्ध असावीत की नाही, हा साधनाचा प्रश्न. आणि अल्पवयीन मुलामुलींनी शरीरसंबंध ठेवावेत काय, हा अनुज्ञेचा. एका पक्षाला भय वाटते, की ज्ञान दिले की अनुज्ञा दिली. दुसरा पक्ष कधीकधी असे बोलतो, की साधन दिले की कर्तव्य संपले. वस्तुतः अग्निशमनाचे धडे देणारा घराला आग लावण्याची परवानगी देत नसतो.

अनुभव काय सांगतो? अमेरिकेत १९९६ च्या कायद्यान्वये केवळ संयमाचा उपदेश करणाऱ्या कार्यक्रमांना भरघोस अनुदान मिळाले. त्यांपैकी चार कार्यक्रमांची दीर्घ पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. उपदेश ऐकलेली मुले आणि न ऐकलेली मुले यांच्या वर्तनात फरक आढळला नाही. दोहोंत संयम पाळणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. इंग्लंडने निराळी वाट धरली. १९८५ मध्ये गिलिक खटल्यात तेथील उमराव सभेने तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने निर्णय दिला, की सोळा वर्षांखालील मुलीला पुरेशी समज असेल तर डॉक्टर तिला संततिनियमनाचा सल्ला देऊ शकतो. मात्र आईवडिलांना सांगण्याविषयी तिचे मन वळविण्याचा प्रयत्न त्याने केला पाहिजे. १९९९ पासून शिक्षण, सल्ला व वैद्यकीय सेवा यांची सांगड घालणारी राष्ट्रीय योजना तेथे राबविली गेली. अठरा वर्षांखालील मुलींमधील गर्भधारणेचे प्रमाण १९९८ मध्ये हजारी सुमारे ४७ होते. २०१६ पर्यंत ते १९ च्या आसपास उतरले. या घसरणीला इतरही कारणे असतील. पण ज्ञानाने अनर्थ ओढवतो, या भयाला त्यात आधार सापडत नाही.

परक्या देशाचा दाखला आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही तितकेच खरे. आपल्याकडील कुमारी मातेचे चित्र कादंबरीत निराळे असते आणि जनगणकाच्या वहीत निराळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या ६.८ टक्के मुली माता झालेल्या वा गर्भवती आढळल्या. त्याच पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या २३.३ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले आढळले. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत हे प्रमाण २२ टक्क्यांच्या जवळपास होते. म्हणजे कोवळ्या वयात आई होणारी आपली मुलगी बहुधा कुंकू लावलेली असते. मंगळसूत्र घातल्याने तिची कंबर रुंदावत नाही, की तिच्या रक्तातील लोह वाढत नाही. पाळणा लांबविण्याची माहिती जिला सर्वाधिक हवी, तिची शाळा लग्नाबरोबरच सुटते. ती माहिती तिला शाळेत मिळाली नाही, तर पुढे द्यावयास फारसे कोणी उरत नाही. ‘आमच्या संस्कृतीत हे प्रश्न नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी या मुलीकडे एकदा पाहावे.

दुसरीकडे कायद्याचा पेच आहे. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने संमतीचे वय अठरा केले आणि गुन्ह्याची खबर देणे सर्वांवर बंधनकारक केले. अत्याचारापासून संरक्षण म्हणून हे आवश्यकच होते. परंतु त्यामुळे अडचणीत सापडलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी दवाखान्याची पायरी चढण्यास भिते आणि वैदूकडे किंवा मैत्रिणीच्या सल्ल्याकडे वळते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा पेच ओळखला आणि गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने खबर देताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. ही गोष्ट किती आईबापांना ठाऊक आहे?

आणि या साऱ्याहून मोठा प्रश्न मनाच्या स्वास्थ्याचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. २०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी सांगते. प्रत्येक दुःखाचे कारण निराळे असते. सर्वांना एकच लेबल चिकटविणे हा मृतांचा अवमान होईल. परंतु एवढे निश्चित, की घाबरलेल्या मुलाला घरात एक तरी माणूस असे लागते, ज्याच्यापाशी काहीही बोलता येते. ज्या घरात मासिक पाळी हा शब्द कुजबुजत उच्चारला जातो, त्या घरात मुलगी आपल्यावर झालेली बळजोरी कोणत्या शब्दांत सांगणार? आवाज फुटू लागलेल्या मुलाला स्वप्नावस्थेविषयी कोणी चार शांत वाक्ये सांगितली नाहीत, तर तो ती खिशातल्या मोबाईलला विचारणार; आणि मोबाईल त्याला जे दाखवितो, त्यात ना स्त्रीचा सन्मान असतो, ना प्रेम, ना सत्य. आज प्रश्न मुलांना माहिती द्यावी की नाही हा राहिलेलाच नाही. ती कोणी द्यावी, एवढाच उरला आहे.

तेव्हा काय करावे? शाळेत साधने वाटण्याचा आग्रह आपल्या आजच्या स्थितीत धरण्याचे कारण नाही. त्याने ज्ञानाचे दारही बंद होण्याचा संभव अधिक. परंतु वयाच्या पायऱ्या पाहून ज्ञान दिलेच पाहिजे. लहानग्यांना सुरक्षित व असुरक्षित स्पर्श, दहाव्या-अकराव्या वर्षी शरीरातील बदलांची पूर्वसूचना, माध्यमिक शाळेत प्रजनन, रोग व संततिनियमन आणि त्यासोबत नकार देण्याचे व नकार स्वीकारण्याचे शिक्षण. यातील शेवटचे मुलींपेक्षा मुलांना अधिक हवे. संयमाचे मूल्य अवश्य सांगावे. पण भीती हा संयमाचा पाया नसतो, समज हा असतो. आणि मुलांच्या आधी पालकांचा एक वर्ग भरवावा, कारण शब्द तेथेच अडले आहेत.

या कामी ग्रंथालयाचा वाटा लहान नाही. एके काळी अनेक ग्रंथालयांत या विषयाची पुस्तके कुलपाच्या कपाटात असत आणि ती मागणाऱ्या सभासदाकडे काउंटरवरून चष्म्याआडून पाहिले जाई. शताब्दी वर्षात त्या कपाटाचे कुलूप काढण्याचा संकल्प सोडता येईल. किशोरांसाठी शास्त्रशुद्ध मराठी पुस्तकांचे एक उघडे फडताळ, महिन्यातून एकदा डॉक्टरांशी आणि समुपदेशकांशी संवाद, नाव न लिहिता प्रश्न टाकण्याची एक पेटी, याला फार मोठा निधी लागत नाही. प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून ज्या भाषेने आपल्या एका प्रामाणिक पुत्राला न्यायालयात उभे केले, त्या भाषेतील ग्रंथालयाने अशी पेटी ठेवणे हे त्याचे खरे तर्पण होईल.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या वास्तूसाठी पै-पै जमविली, त्यांना आपल्या मुलांच्या हाती पुस्तक द्यावयाचे होते. आज त्यांच्या पणतू-पणतींना त्यासोबत विश्वासाने ऐकणारा कानही हवा आहे. तो देण्याचे औदार्य या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी दाखवावे, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.