गिऱ्हाईकाचे कार्ड, दुकानदाराची जबाबदारी

(संस्थेच्या बोईसर येथील विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत लिपिक. तरीही या विषयावर बोलण्यास उभे आहोत, कारण कार्डाची चोरी झालेला माणूस प्रथम येतो तो आमच्याच काउंटरवर.

काही वर्षांपूर्वी तारापूर एमआयडीसीतील एक कंत्राटी कामगार पासबुक घेऊन आले. पगार जमा झाला त्याच रात्री कुठल्याशा परदेशी दुकानाच्या नावे तीन रकमा गेल्या होत्या. आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तुम्हीच कुणाला नंबर सांगितला असेल ना?" ते म्हणाले, "साहेब, कार्ड माझ्या खिशात आहे आणि ओटीपी तर आलाच नाही." ते खरे बोलत होते, हे नंतर सिद्ध झाले. आमचा तो प्रश्न आम्हाला आजही बोचतो.

मित्रांनो, "ओटीपी सांगू नका" हा उपदेश योग्यच आहे. पण तो अर्धाच आहे. गिऱ्हाईकाने कितीही काळजी घेतली, तरी ज्याच्या हाती त्याने विश्वासाने नंबर दिला, त्याच्याकडून तो फुटला तर काय? पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण आठवा. ११ ऑगस्ट २०१८ रोजी २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघाले. एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. मध्येच चोरांनी बसवलेली यंत्रणा "पैसे द्या" असे उत्तर देत होती. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. यात खातेदाराच्या निष्काळजीपणाचा प्रश्नच नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

ही झाली बँकेची गोष्ट. ऑनलाइन दुकानात चोर आणखी गुपचूप शिरतो. ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या संकेतस्थळावर २०१८ साली चोरांनी अवघ्या २२ ओळींचा मजकूर घुसवला. प्रवासी कार्डाचा नंबर टाईप करी, त्याला तिकीटही मिळे, आणि त्याच क्षणी नंबरची नक्कल चोरांकडे जाई. दुकान उघडे, गल्ला जागेवर, तरी चोरी चालूच! ४ लाखांहून अधिक ग्राहक व कर्मचाऱ्यांची माहिती धोक्यात आली. २०२० साली कंपनीला २ कोटी पौंड दंड झाला.

आता हे आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. पण उद्या तुमच्यापैकीच कुणी वारली चित्रे, घोलवडचे चिकू किंवा सातपाटीची सुकी मासळी ऑनलाइन विकणार आहे. कुणी दुसऱ्यासाठी असे दुकान बांधून देणार आहे. त्यांच्यासाठी बँकेतल्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पहिली, जे जवळ ठेवायची गरज नाही ते ठेवू नका. घरात नसलेली वस्तू चोर नेणार कशी? रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना गिऱ्हाईकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवण्यास मनाई केली. त्याऐवजी 'टोकन' असते, म्हणजे त्या दुकानापुरता चालणारा बदली क्रमांक. तो चोरीला गेला तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही. कार्डामागचे तीन आकडे तर पैसे चुकते झाल्यावर कुणीच साठवायचे नसतात. छोट्या दुकानदाराने नंबर आपल्या पानावर न घेता गिऱ्हाईकाला मान्यताप्राप्त पेमेंट कंपनीच्या पानावर पाठवावे.

दुसरी, बँकेच्या तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात. दुकानाच्या व्यवस्थापकीय पानालाही पासवर्डाखेरीज दुसरे कुलूप असावे. ज्याने संकेतस्थळ बनवून दिले त्याचे काम संपले की त्याची किल्ली काढून घ्यावी.

तिसरी, दुकानात नको तितक्या लोकांना घेऊ नका. जाहिरातीसाठी, आकडेवारीसाठी म्हणून बाहेरचे प्रोग्रॅम सर्रास जोडले जातात. चोर बहुधा अशाच बाजूच्या दारातून येतो. पैसे भरण्याच्या पानावर असे काहीही नसलेले बरे. जे असेल ते वेळच्या वेळी अद्ययावत करावे आणि पान परस्पर बदलले तर नाही ना, हे तपासत राहावे.

चौथी, छोट्या रकमांकडे दुर्लक्ष करू नका. चोरलेले कार्ड चालते का हे पाहण्यासाठी चोर आधी पाच-दहा रुपयांची खरेदी करून बघतो. थोड्या वेळात अशा खरेद्यांची रांग लागली, तर विक्री वाढली म्हणून आनंदू नका. व्यवहार थांबवून पेमेंट कंपनीला कळवा.

आणि ज्याचे पैसे गेले त्याने लाजून घरी बसू नये. तत्काळ १९३० वर फोन करावा, कार्ड बंद करावे आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. दोष ना ग्राहकाचा ना बँकेचा, तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार पडू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच घालून दिले. त्या कामगार बंधूंनी दुसऱ्याच दिवशी तक्रार दिली होती, म्हणून त्यांचे पैसे परत मिळाले. उशीर केला असता तर?

शेवटी एवढेच. कार्डाचा नंबर म्हणजे कुणाचा तरी महिन्याचा पगार, कुणाच्या मुलाची फी. तो आपल्याकडे क्षणभर येतो, पण आपला नसतो. दुकान लहान असो की मोठे, ही जाणीव ठेवून ते चालवा. आणि उद्या तुम्ही आमच्यासारखे काउंटरच्या आत बसलात, तर समोरच्या माणसाला दोष देण्याआधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या.