क्रिकेटच्या आकड्यांतून गुणाकार



मारतहळ्ळीत बोलताना उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. याच बंगळूरच्या मैदानांवर घडलेले, मराठी कुटुंबातील राहुल द्रविड १९९६ ते २०१२ या काळात १६४ कसोटी सामने खेळले. डाव २८६, त्यांपैकी ३२ वेळा नाबाद. म्हणजे बाद झाले ते २५४ वेळा. सरासरी ५२.३१. नाबाद डाव का वगळायचे, हे मात्र आधीच सांगून टाकावे, नाही तर सगळा तास त्या वादातच जाईल. मग मुलांना विचारावे : एकूण धावा किती?

प्रथम २५४ ला ५२ ने गुणू द्यावे. दोनाने गुणून ५०८ मिळतात. पुढच्या ओळीत पुष्कळ मुले एकं स्थानी शून्य न देता १,२७० मांडतात, आणि बेरीज १,७७८ येते. नुसत्या आकड्यांच्या उदाहरणात ही चूक कोणाच्या ध्यानीही येत नाही. येथे मात्र वर्गातूनच हरकत निघते : दीडशेहून अधिक कसोट्या खेळलेल्या फलंदाजाच्या एवढ्याच धावा? तेव्हा तो ५ म्हणजे पाच नसून पन्नास आहे, हे न सांगता उमगते. १२,७०० व ५०८ मिळून १३,२०८ होतात.

प्रत्यक्षात द्रविड यांच्या धावा १३,२८८ आहेत. मग ८० धावा गेल्या कोठे? हा प्रश्न मुलांकडूनच यावा; तोवर आपण थांबावे. २५४ ला ०.३१ ने गुणले की ७८.७४ मिळतात. राहिलेली सुमारे सव्वा धाव, सरासरी दोनच दशांश स्थळांपर्यंत लिहिल्यामुळे सुटलेली असते.