सोपाऱ्याचा शिलालेख आणि आपला कायदा



आपण आज जेथे जमलो आहोत, तेथून सोपारे काही दूर नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तेथे एक फुटका शिलाखंड सापडला. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा अंश कोरलेला होता. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगावी नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. सोपारे त्या काळी मोठे बंदर होते. राजाचे म्हणणे राजवाड्यात ठेवून भागत नाही, ते लोकांची ये-जा असेल तेथे आणि लोकांना कळेल अशा भाषेत मांडावे लागते, हे त्या राजाला सव्वादोन हजार वर्षांपूर्वी उमगले होते. भाषाही त्याने प्राकृतच योजली. ती आपल्या मराठीच्या घराण्यातली.

आजचा विषय याच शहाणपणाचा आहे. देशाचे कायदे आणि न्यायालयांचे निवाडे कोणालाही, घरबसल्या, एक पैसा न देता वाचता आले पाहिजेत. विषय वकिलांचा वाटतो. परंतु तो तुमचा-माझा आहे, हे मी एका घरगुती गोष्टीने सांगतो.

आमचे घराणे कुळांचे. मुंबई कूळवहिवाट कायदा १९४८ साली झाला. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. त्या दिवसाला ‘कृषक दिन’ म्हणतात. पण कायद्यात पुढे एक मेख होती. नोटीस निघाली की कुळाने हजर राहून ‘मी जमीन घेण्यास राजी आहे’ असे सांगावयाचे. तो हजर राहिला नाही, तर खरेदी निष्फळ ठरावयाची. आमच्या वडिलांना कोणी तरी जाणत्याने हे सांगितले, ते गेले आणि जमीन राहिली. आमच्याच आळीतील दुसऱ्या एका कुळाने नोटीस देवघरातल्या फळीवर ठेवून दिली. ‘कायद्यानेच मालक केले, आता तिकडे कशाला जायचे?’ असे तो म्हणे. ज्या कायद्याने त्याला जमीन दिली, त्याच कायद्याने ती काढून घेतली. मधे होते ते एक न वाचलेले कलम. तो आळशी नव्हता, मूर्खही नव्हता. ते कलम त्याच्या हाती कोणी दिले नव्हते, एवढेच.

‘कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही,’ हे तत्त्व आपण सर्वांनी ऐकले आहे. ते कठोर आहे, पण आवश्यक आहे. नाही तर प्रत्येक आरोपी ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणून सुटेल. मात्र या तत्त्वाला दुसरी बाजू आहे. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळाने ठराव करून अफूचा कायदा केला, पण तो प्रसिद्धच केला नाही. त्याखाली हरला नावाच्या माणसाला ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निर्णय दिला की, लोकांना कळविलेलाच नाही असा कायदा लोकांवर लादणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. दंड रद्द झाला.

आता याच्या समोर दुसरे प्रकरण ठेवा. १९६२ च्या नोव्हेंबरात झुरिकहून मनिलास निघालेल्या मेयर हान्स जॉर्ज या प्रवाशाजवळ सांताक्रूझ विमानतळावर ३४ किलो सोने सापडले. सोन्यासंबंधीची नवी अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून येऊन अवघे चार दिवस झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र राजपत्रातील प्रसिद्धी पुरेशी मानली आणि त्याला दोषी ठरविले. म्हणजे कायदा छापला नाही तर तो बांधत नाही. छापला की न वाचणाऱ्यालाही बांधतो. मग मी विचारतो, या सभागृहातील किती जणांनी राजपत्र डोळ्यांनी पाहिले आहे?

निवाड्यांचेही तसेच. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच साली निवाड्यांच्या अधिकृत ग्रंथमालेचा कायदा झाला आणि १८७६ पासून मुंबईचे निवाडे त्या मालेत छापले जाऊ लागले. पुस्तके उत्तम होती, पण ती वकिलांच्या कपाटात राहिली. सामान्य माणसाला ती पाठीवरची सोनेरी अक्षरे तेवढी दिसत.

निवाडा कोणाच्या मालकीचा, हा वादही झाला. लखनौची ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले की, संपादकांनी कौशल्याने घातलेल्या टिपणांवर त्यांचा हक्क राहील. परंतु निवाड्याचा मूळ मजकूर सर्वांचा आहे. हे न्याय्यच झाले. न्यायाधीशांचे वेतन जनता देते. त्यांचे शब्द तिने पुन्हा विकत का घ्यावेत?

त्यानंतर दारे भराभर उघडली. जानेवारी २००८ मध्ये सुशांत सिन्हा या संगणकतज्ज्ञाने ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळ सुरू केले. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे अधिनियम आहेत. जानेवारी २०२३ मध्ये, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कारकिर्दीत, सर्वोच्च न्यायालयाने आपले सुमारे ३४,००० निवाडे विनामूल्य खुले केले. आपल्या दाव्याचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक ठाऊक असेल, तर पुढची तारीख विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर पाहता येते.

तेव्हा काम संपले काय? नाही. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. जमीन सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी आरक्षित होती. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली, ती कुटुंबे रस्त्यावर आली. संकेतस्थळ असते तर ती वाचली असती, असे स्वस्त विधान मी करणार नाही. फसविणारा खोटे कागदही दाखवितो. पण विकास आराखड्यातील आरक्षण हाही कायदाच आहे. घर घेणाऱ्या माणसाला आपला सर्व्हे नंबर घालून ते आरक्षण मराठीत पाहता येणे, हा त्याचा हक्क होय.

भाषेची अडचण खरी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे वरिष्ठ न्यायालयांची भाषा इंग्रजी. २०२३ च्या प्रजासत्ताकदिनी भारतीय भाषांतील निवाडे खुले झाले, तेव्हा हिंदीत ते हजारावर होते आणि मराठीत अवघे चौदा. पुढे संख्या वाढली, तरी अंतर पुष्कळ आहे.

काही जण म्हणतात, अर्धवट वाचून माणूस स्वतःच वकील होऊन बसेल. धोका आहे. जुना, दुरुस्तीपूर्वीचा मजकूर वाचून कोणी फसू शकतो. म्हणून दुरुस्तीची तारीख पाहावी आणि वकिलाला विचारावे. परंतु आजाराची माहिती असलेला रोगी डॉक्टर होत नाही. तो योग्य वेळी डॉक्टरकडे जातो, इतकेच. आमच्या आळीतील त्या कुळाला वकील व्हायचे नव्हते. त्याला नोटिशीच्या दिवशी घराबाहेर पडायचे होते.

माझी सूचना लहानशी आहे. आपल्या प्रत्येक वाचनालयात एक संगणक या कामासाठी ठेवावा. आठवड्यातून एक संध्याकाळ एखाद्या वकिलाने तेथे बसावे. ज्याच्या हाती नोटीस आहे, त्याला तिच्यात लिहिलेले कलम उघडून, मराठीत समजावून द्यावे. खर्च थोडा आहे. हवी आहे ती सवय.

सोपाऱ्याचा दगड कोणी लपविला नव्हता. पण लिपी विसरली गेली आणि शतकानुशतके तो मुका झाला. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडली तेव्हा अशोकाच्या दगडांना वाचा फुटली. कायदा उघड्यावर मांडणे हे राज्याचे काम आहे, आणि ते पुष्कळसे झाले आहे. तो आपल्या भाषेत मागणे आणि मिळाला की वाचणे, हे आपले काम. घरात फळीवर एखादी नोटीस पडली असेल, तर आज घरी गेल्यावर ती खाली काढा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.